पहिल्या रविवारचं उत्तर

साळवेबाई,

तुमच्या दफनविधीच्या दिवशी मी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसले होते आणि तिथेही माझी नजर तुमच्यावरच होती. पेटीचं झाकण उघडं होतं. बारीक निळ्या काठाची तीच पांढरी साडी, तोच घट्ट अंबाडा. म्हटलं, बघू या, ही बाई खरंच काही न बोलता जाते का. इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण शेवटचा शब्द तुम्ही मला कधी घेऊ दिला नाहीत, आणि आता असं अर्ध्यावर सोडून कशा जाल? बाजूच्या बाईंनी मला रुमाल पुढे केला. मी म्हटलं, नको, सर्दी आहे.

नंतर तुमची रूथ घरी आली. म्हणाली, "मावशी, आईवर चार ओळी लिहून द्या ना, स्मरणसभेत वाचू." मी म्हटलं, "अगं, सगळी पिपलानी सोडून मलाच कशी आठवलीस? मी तुझ्या आईची वैरीण." तर म्हणते, "म्हणूनच." मायलेकी दोघी सारख्याच. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि चेहरा असा साळसूद की समोरच्याला वाटावं आपणच वेडे आहोत. कुठेतरी पाणी मुरतंय असं मला तेव्हाच वाटलं. म्हणून तिच्या सभेसाठी मी काही लिहिणार नाही. तिथे सगळे म्हणतीलच, प्रेमळ होत्या, देवभीरू होत्या. म्हणू द्या. आपला वाद राहिलाय, तो मी तुमच्याशीच बोलणार.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण एकदा माझ्या बाजूने ऐकून घ्या. जिवंतपणी तुम्ही ऐकत होतात ते शिक्षिकेसारखं, वाक्य संपायच्या आधीच लाल पेन हातात घेऊन.

इकडे हिंदी मुलखात, पिपलानीच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये आपण भिंतीला भिंत लावून राहायचो. ह्यांची नोकरी कारखान्यात, तुमच्या मिस्टरांचीही तिथेच, आणि तुम्ही टाउनशिपच्या शाळेत मराठी आणि गणित शिकवायच्या. आम्ही नागपूरकडचे, तुम्ही नगरकडच्या. मराठी बोलायला मिळतं म्हणून सुरुवातीला आपलं किती सूत होतं! भिंतीवरून वाट्या जायच्या-यायच्या. तुमच्या नाताळची करंजी आमच्याकडे, आमच्या दिवाळीची तुमच्याकडे. तुमची जास्त खुसखुशीत व्हायची, तेही मला तेव्हा खपत नसे, पण ते राहू दे.

मग आमच्या नितीनचं दहावीचं वर्ष आलं. बोर्डाच्या परीक्षेत त्याच्या वर्गावर तुमची ड्यूटी होती. गणिताच्या पेपराला त्याच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली, ती तुम्ही उचललीत, त्याला उभं केलंत आणि त्याचं वर्ष गेलं. सबंध टाउनशिपभर झालं, "लांजेवार साहब का लड़का नकल में पकड़ा गया." ह्यांनी संध्याकाळचं क्लबात जाणं सोडलं. मी भाजीला जायची ती तोंड चुकवत. मी पहिल्या दिवसापासून म्हणत आले, चिठ्ठी बाकाखाली होती, हातात नव्हती. वाऱ्याने आली असेल, मागच्याने टाकली असेल. आणि मी आणखी एक म्हणत आले, की तुमची रूथही त्याच वर्षी दहावीला होती, दुसऱ्या खोलीत. माझा मुलगा गणितात तिच्या पुढे जाईल म्हणून तुमच्या पोटात दुखलं असेल. तोंडावर म्हणाले होते मी हे, अंगणात उभी राहून, चार बायकांसमोर. तुमचा चेहरा पांढराफटक पडला. तुम्ही आत गेल्या आणि दार लावून घेतलंत.

मी म्हटलं, झालं, संपलं. आता भिंतीवरून वाटीही जाणार नाही.

तर त्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दारात कोण? तुम्ही. पांढरी साडी, छातीशी गीतांचं पुस्तक, पायऱ्यांखाली चपला काढून उभ्या. मला वाटलं, माफी मागायला आलात. तुम्ही म्हणालात, "वहिनी, माझ्याबद्दल तुमच्या मनात काही आहे का?"

काय प्रश्न आहे! मुलाचं वर्ष घालवून वर विचारतात, मनात काही आहे का. मी म्हटलं, "आहे."

"मग मी काय करू?"

"चूक झाली म्हणा."

तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्हाला त्रास झाला याचं मला फार वाईट वाटतं. त्याची क्षमा मागते. पण चूक झाली असं कसं म्हणू? मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग जा."

"येते. मिनीबस चुकेल," म्हणालात आणि गेलात.

पुढच्या महिन्यात परत. तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच मिनीबस. आमचे हे आतून म्हणायचे, "अगं, म्हण ना काही नाही म्हणून, कशाला ताणतेस?" मी म्हणायची, "तुम्ही गप्प बसा, तुम्हाला बायकांचे डाव कळत नाहीत." कारण मला खात्री होती की यात काहीतरी डाव आहे. दर महिन्याला न चुकता शत्रूच्या दारात कोण येतं? गोड बोलून काय काढून घ्यायचंय हिला? शाळेत तक्रार जाऊ नये म्हणून? की चारचौघांत आपण थोर दिसावं म्हणून? मी खिडकीतून बघायची, कुणी बघत असतानाच तुम्ही येता का. तर नाही. पहाटेचं झाडणंही व्हायच्या आधी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना यायच्या. त्याने तर माझा संशय आणखीच वाढला.

उलगडा झाला तो तुमच्या पाद्रीसाहेबांमुळे. ते जुने, उंच, स्कूटरवाले. एका दुपारी आले, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले. मी मनात म्हटलं, आता हे पिशवीतून पुस्तकं काढणार. त्यांनी काही काढलं नाही. कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. ते घेण्याआधी, कुणाच्या मनात आपल्याबद्दल काही असेल तर आधी जाऊन समेट करावा, अशी आम्हाला शिकवण आहे. साळवेबाई तुमच्याकडे येतात त्या त्यासाठी. मी त्यांना सांगून दमलो की, तुम्ही गेलात, विचारलंत, तुमच्याकडून झालं, आता या पुढे. पण त्या येत नाहीत. सगळे पुढे जातात तेव्हा त्या मागच्या बाकावर बसून राहतात. म्हणतात, शेजारणीचं मन मोकळं नाही, मी कुठल्या तोंडाने घेऊ."

म्हणजे माझ्या एका 'आहे'वर तुमचा घास अडला होता! खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझ्या मुलाचं वर्ष तुमच्या हातात होतं, आता तुमचं काहीतरी माझ्या हातात आलं. आणि रागही आला, तोही तितकाच. अस्सं, म्हणजे माझी दया येऊन ही बाई येत नाही. हिला स्वतःच्या भाकरीची पडलीय. मी म्हणजे काय, हिच्या चर्चचा गेटपास? ह्यांना कारखान्यात शिरताना फाटकावर दाखवावा लागतो तसा? पुढच्या रविवारी तुम्ही विचारलंत आणि मी 'आहे' असं ठसक्यात म्हटलं की तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघतच राहिलात. तुम्हाला कळलं होतं, मला कळलंय म्हणून.

एकदा मी तुम्हाला म्हटलंही, "एवढा जीव जातोय तर चूक झाली म्हणून टाका ना. तोंडदेखलं म्हणा. मी लगेच माफ करते, जा, खा तुमची भाकर." तुम्ही हसलात. म्हणालात, "खोटं बोलून ते कसं खाऊ वहिनी? मग न खाल्लेलं बरं." अशा तुम्ही हट्टी. लोक मलाच हट्टी म्हणायचे.

अशी वर्षं गेली. नितीन पुढच्या वर्षी पास झाला, पॉलिटेक्निक केलं, पुण्याला नोकरीला लागला. तुमचे मिस्टर गेले. त्यांच्या वेळी मी आले होते, दारात उभी राहून परत गेले, तुम्ही पाहिलंत की नाही कोण जाणे. त्याआधीच दोघींच्या मिस्टरांनी कारखान्याच्या हाउसिंग सोसायटीत प्लॉटसाठी नाव घातलं होतं. क्वार्टर सुटेल आणि ही भिंतही सुटेल म्हणून मी देवाला नारळ बोलले होते. आनंद नगरला सोडत निघाली आणि आमच्या शेजारचा प्लॉट कुणाला? साळवे! सगळी सोसायटी हसली. मी हसले नाही. मी ह्यांना म्हटलं, चौकशी करा, चिठ्ठ्या काढल्या कुणी. हे म्हणाले, त्या पोराने डोळे मिटून काढल्या. मी म्हटलं, मिटून म्हणजे किती मिटून?

आणि आनंद नगरातही पहिल्या रविवारी तुम्ही फाटकाशी उभ्याच. "वहिनी, काही आहे का मनात?" "आहे." "येते, मिनीबस चुकेल."

मग ह्यांना झटका आला. आंघोळ करून बाहेर आले आणि दारातच कोसळले. मी ओरडले ते कुणाला हाक मारून, ते मला आजही आठवत नाही, पण आल्या तुम्ही. कुंपणावरून आलात की फाटकातून, तेही माहीत नाही. समोरच्यांची गाडी काढायला लावलीत, ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसलात. ह्यांचा जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सेक्शनमध्ये ज्यांचा आवाज मशिनच्या वर चढायचा, त्या माणसाला पाणी मागता येईना.

नातेवाईक आले तसे गेले. नितीनची रजा संपली. आणि एका दुपारी तुम्ही नागपूरहून येणारा पेपर हातात घेऊन दारात. "वहिनी, तुम्ही जरा पडा, नाहीतर बाजार करून या. मी भाऊंना पेपर वाचून दाखवते."

आता खरं सांगा, कुणालाही संशय येणारच की नाही? घरात एक माणूस, तो अंथरुणाला खिळलेला, त्याला नको म्हणता येत नाही, उठून जाता येत नाही. माझी बहीण नागपूरहून फोनवर म्हणाली, "सांभाळ बाई, असंच पडलेल्या माणसाला गाठतात हे लोक." मी तुम्हाला म्हटलं, बसा, आणि पिशवी घेऊन बिट्टन मार्केटला जाते असं सांगून मागच्या दाराने परत आत आले. पडद्यामागे उभी राहिले. म्हटलं, येशूचं नाव निघू दे, तिथल्या तिथे हिला बाहेर काढते.

तुम्ही पेपर वाचत होता. नागपूरचं ऊन, संत्र्यांचे भाव, कुठल्याशा पुलाचं उद्घाटन. मग क्रिकेट. मग लग्नाच्या जाहिराती काढल्यात. "भाऊ, ऐका, गृहकृत्यदक्ष, गोरी, शांत स्वभावाची पाहिजे. आणि मुलाचं वय बघा, बेचाळीस! एवढ्या उशिरा शांत बायको मिळते का कुणाला? तुम्हाला वेळेवर लग्न करून मिळाली नाही!" आणि आमचे हे हसले. अर्ध्या तोंडाने, घर्र घर्र आवाज करून, पण हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. तेही माझ्यावर! मी पडद्यामागे तोंडात पदर धरून उभी. रागाने की कशाने ते विचारू नका.

कितीतरी महिने मी तशी उभी राहायची. कधी स्वयंपाकघरात भांडं घासायचं नाटक करत, कधी बाजूच्या खोलीत. येशूचं नाव निघालं नाही. मलाच राहवेना. एक दिवस मी म्हटलं, "काहो, तुम्ही ह्यांच्यासाठी प्रार्थना वगैरे करत नाही?"

"करते की."

"मला तर ऐकू नाही आली."

"घरी करते. इथे तुम्हाला चालणार नाही."

"म्हणजे मला न विचारता माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन राहिल्या तुमच्या देवापुढे?"

"तुमचंही घेते," तुम्ही पेपरची घडी घालत म्हणालात.

"माझं कशाला?"

"सवय झालीय," म्हणालात. आणि वर म्हणता, "भाऊंची मान जरा डावीकडे घ्या, उशी सरकलीय." अशा वेळी माणसाने भांडावं तरी कसं?

पण मला सांगायचंय ते हे नाही. ह्यांना झटका आला, त्याच्या पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. मी पहाटे उठले. वेणी घातली, पायऱ्या धुतल्या आणि दाराशी उभी राहिले. या वेळी मी 'नाही' म्हणणार होते. मनात होतं तसंच होतं, चिठ्ठीचा राग एक इंचही हलला नव्हता. पण तुम्ही दुपारी आला नाहीत तर माझं कसं होणार? ह्यांचं कसं होणार? म्हटलं, हिला हवंय ते देऊन टाकावं.

तुम्ही फाटक उघडून बाहेर आलात. पांढरी साडी, पुस्तक. माझ्याकडे पाहिलंत, मान हलवलीत आणि सरळ बसस्टॉपकडे गेलात.

मी बघतच राहिले. म्हटलं, विसरल्या असतील. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. माझ्या डोक्यात नुसता भुगा. का विचारत नाही ही आता? परवानगी मिळाली का पाद्रीसाहेबांकडून? माझ्याशिवायच खायला लागली का? की आता मी पडले, माझी ताठ मान वाकली, हिचं काम झालं? शेवटी मी तुम्हाला फाटकाशी अडवलं. "हल्ली पहिल्या रविवारी येत नाही तुम्ही."

"रोज दुपारी तर येते."

"ते नाही म्हणत मी. तुमचा प्रश्न. तो कुठे गेला?"

तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत. मग हळू आवाजात म्हणालात, "आता कसा विचारू वहिनी? आता विचारलं तर तुम्हाला काही नाही असं म्हणावंच लागेल. असं नको मला."

"मग तुमची भाकर?"

"राहू दे. तिला काय घाई आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एवढी लाचार दिसते का मी तुम्हाला?" म्हटलं. फाटक आपटलं, आत आले आणि मोरीत जाऊन रडले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं समजूतदार व्हायला? मी पाय घसरून पडलेली, आणि तुम्ही हात देता तोही असा की मी धरला तर माझ्यावर उपकार नको. शत्रूने कसं वागायचं असतं याची काही रीत असते की नाही? त्या दिवसापासून मला तुमचा जितका राग आला, तितका चिठ्ठीच्या दिवशीही आला नव्हता. आणि दुपारी तुमच्या चपला पायरीवर वाजल्या तेव्हा जिवात जीव आला, तोही कधी नव्हता इतका.

ह्यांनी मागच्या थंडीत डोळे मिटले. नितीन आला. सगळं आटोपल्यावर तो तुमच्याकडे गेला. मी अंगणातून बघत होते. तुम्ही व्हरांड्यात खुर्चीवर, तो खाली पायरीवर, पन्नाशीला टेकलेला माणूस, शाळेतल्या मुलासारखा खाली मान घालून. बराच वेळ. तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवलात. परत आला तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, काय म्हणत होत्या? "काही नाही आई, बाबांच्या आठवणी." आणि सरळ नळाखाली जाऊन तोंड धुतलं.

मी सगळ्यांवर संशय घेतला, साळवेबाई. तुमच्यावर, रूथवर, पाद्रीसाहेबांवर, वाऱ्यावर, मागच्या बाकावरच्या पोरावर, सोडतीच्या चिठ्ठ्यांवर. एकट्या नितीनवर कधी घेतला नाही. त्याला एकदाही विचारलं नाही की, बाळा, तुझी होती का रे ती. जेवताना मी तुम्हाला शिव्या मोजायला लागले की तो अर्ध्या ताटावरून उठायचा. मला वाटायचं, जखम ताजी आहे. इतकी वर्षं ताजी?

आणि तुम्ही! तुम्ही एवढंच म्हणायचं होतं, "वहिनी, मला काय विचारता, घरात मुलगा आहे, त्याला विचारा." एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. तुमचा घास सुटला असता. पहिल्याच महिन्यात. दर रविवारी दारात उभं राहून ते वाक्य तुमच्या ओठांवर येत नसेल असं कसं म्हणू? तुम्ही गणिताच्या बाई, दोन आणि दोन तुम्हाला कळत नव्हते? पण नाही बोललात. कारण मग तुमचं सुटलं असतं आणि ते ओझं माझ्या घरात आलं असतं. मी त्याला विचारलं असतं, ह्यांनी पट्टा काढला असता, आणि आधीच मान खाली घालून फिरणारा पोरगा कुठल्या विहिरीत गेला असता देव जाणे. म्हणून तुम्ही खोटारड्या ठरलात, मत्सरी ठरलात, मागच्या बाकावर बसलात. हे मला तुम्ही असताना कळायला हवं होतं. मी पडद्यामागे उभी राहून नको तेच ऐकत बसले.

मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं. हे गेल्यानंतर लगेचच. आता मी पेपर घेऊन तुमच्याकडे यायची. लग्नाच्या जाहिराती मीही वाचल्या, पण मला तुमच्यासारखं जमत नाही. तुम्ही मात्र हसायच्या, दुखत असताना हसायच्या. मला वाटायचं, आज विचारतील. रोज उत्तर तयार करून यायची. तुम्ही नुसतं म्हणायचं, वहिनी, काही आहे का मनात, की मी सांगून टाकणार होते. आपणहून बोलायची मला सवय नाही, तुम्हाला माहीत आहे. विचारल्याशिवाय मी आयुष्यात कुणाला काही सांगितलेलं नाही. तुम्ही माझा हात धरून पडून राहायच्या आणि विचारायच्या नाहीत. मी बघायची तुमच्याकडे, की मुद्दाम करते का ही. शेवटी शेवटी तर मी मनातल्या मनात ओरडायची, विचारा ना बाई!

दफन करून आलो, मूठ मूठ माती टाकून झाली, आणि फाटकाशी रूथने मला थांबवलं. म्हणाली, "मावशी, पाद्रीसाहेब दोनदा घरी प्रभुभोजन घेऊन आले होते. आईने नाही घेतलं. म्हणाली, वहिनींचं राहिलंय."

मी तिचा दंडच धरला. "मग मला हाक का नाही मारलीस? मी इथेच तर होते, हे कुंपण सोडून!"

"आईने सक्त बजावलं होतं. म्हणाली, त्यांचे मिस्टर आत्ताच गेलेत, त्यांच्या मागे लागायचं नाही. त्यांच्या मनात येईल तेव्हा त्या सांगतील."

बघा! जाता जाताही माझ्याच डोक्यावर ठेवून गेलात. मी वाट बघत होते तुम्ही विचारण्याची, आणि तुम्ही वाट बघत होता मी सांगण्याची. मध्ये हातभर अंतर, तेही हातात हात असलेलं. मला अजून वाटतं, यात तुमचा काहीतरी डाव असणार. एवढं स्वच्छ मन असतं का कुणाचं? असेल तर मग माझं काय इतकी वर्षं चाललं होतं? रूथच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले, आणि या वेळी सर्दी आहे असं म्हटलं नाही.

नितीनला मी अजून विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. त्याला मी फोनवर तुमचं कळवलं. तर म्हणाला, "आई, तू शेवटी त्यांच्याशी नीट बोललीस ना?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं. आज ते खरं करून टाकते.

आज महिन्याचा पहिला रविवार. मी पहाटेच उठले, पायऱ्या धुतल्या, दार उघडं टाकून बसले. आत्ताच रूथ गेली, तुमचीच पांढरी साडी नेसून. मान हलवली तिने, मीही हलवली. तुमचं फाटक अजून तिने उघडं टाकलेलं तसंच आहे आणि मी तिकडे बघतेय. चिठ्ठी कुणाची होती ते मला कळलंय. तुम्हाला ते आधीपासून माहीत होतं. चूक झाली असं म्हणायची काही गरज नाही तुम्हाला. तुम्ही विचारलं नाहीत, तरी मी सांगतेय.

नाही हो बाई. काही नाही माझ्या मनात. जा आता, मिनीबस चुकेल तुमची.